जाड गॅसकेट

बकाराम मिस्त्री दुकानाची पायरी चढताना दिसले की मी मनातल्या मनात एक शिवी हासडायचो. खोटं कशाला बोलू? घाट रोडवरच्या मोटारपार्टच्या दुकानात मी एकवीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलो आणि त्या एकवीस वर्षांत डोक्याला इतका ताप दुसऱ्या कोणत्याच गिऱ्हाइकानं दिला नाही. लोक येत, नंबर सांगत, मी फळीवरून माल काढून देई, लोक चालते होत. मिस्त्री मात्र मुक्कामाला आल्यासारखे येत. आधी सायकल भिंतीला टेकवायची, मग पायरीवर बूड टेकायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचं, "थकलो गा वसंता." सकाळचे दहा असोत की संध्याकाळचे सहा, सुरुवात हीच. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चाळिशीचे असतील, आणि तेव्हाही ते थकलेलेच होते.

त्यांचं काम डिझेल इंजिनाचं. ट्रक, पाण्याचे पंप, चक्क्या, जनरेटर, जिथे डिझेल जळतं तिथे मिस्त्री. त्यातही लोक त्यांना बोलवायचे ते हेड गॅसकेटसाठी. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. वरचं जड झाकण म्हणजे हेड. या दोघांच्या मधे एक पत्रा बसतो, दोन्हीकडून तांबं आणि पोटात अ‍ॅस्बेस्टॉस. आग, पाणी आणि तेल एका घरात राहतात पण एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, ते या पत्र्यामुळे. पत्रा जळाला की तिघांचं भांडण सुरू होतं आणि इंजिन बसतं.

आता हा पत्रा घ्यायला साधारण मिस्त्रीला पाच मिनिटं लागतात. बकाराम मिस्त्रींना तासभर लागायचा. जुना जळका पत्रा ते सायकलच्या हँडलला अडकवून आणत. मग मी काढलेलं प्रत्येक पाकीट उघडायचं, नवा पत्रा जुन्यावर ठेवायचा, एकेका भोकातून करंगळी घालून पाहायची. मग तो उचलून दारात न्यायचा आणि उन्हात डोळ्यांसमोर आडवा धरायचा, कुठे वाक आहे का म्हणून. शेवटी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात कड धरायची, डोळे मिटायचे आणि कडेकडेनं बोटं फिरवत न्यायची. काही इंजिनांच्या गॅसकेटमधे दोन मापं येत, पातळ आणि जाड. डोळ्यांना फरक कळत नसे. मिस्त्रींच्या बोटाला कळायचा. मी एकदा मुद्दाम गंमत म्हणून पातळ पत्रा जाड म्हणून पुढे केला. त्यांनी डोळे मिटले, अर्धी कड फिरवली, पत्रा माझ्याकडे परत सरकवला आणि नुसते म्हणाले, "टिंगल नको करू गा, थकलो आहे."

जाड पत्रा कधी लागतो? हेड तापून वाकडं झालं, किंवा ब्लॉकचं तोंड खराब झालं, की खरादवाल्याकडे लेथवर नेऊन ते घासून सपाट करतात. घासलं की तेवढं लोखंड कमी झालं. म्हणजे पिस्टन वर आला की त्याच्या डोक्याला जागा कमी. मग ती जागा पत्र्याच्या जाडीनं भरून काढायची. किती कमी झाली हे पाहायला मिस्त्री पिस्टनच्या डोक्यावर शिश्याच्या तारेचा तुकडा ठेवत, जुना पत्रा लावून हेड आवळत, इंजिन हातानं एकदा फिरवत आणि परत सगळं खोलून ती चेपलेली तार काढत. तार किती चेपली त्यावर पातळ की जाड ते ठरायचं. बाकीचे मिस्त्री हसायचे. एका कामासाठी दोनदा हेड कोण चढवतो?

तेवढ्यानंही त्यांचं समाधान नाही. गॅसकेट बसवलं, इंजिन चालू झालं, मालक खूश, की बाकीच्यांचं काम संपलं. मिस्त्रींचं राहायचं. इंजिन एक दिवस चाललं, तापलं, पत्रा दबला की हेडचे नट किंचित ढिले होतात, ते थंड इंजिनावर परत आवळायचे. याला ते 'दुसरा कस' म्हणत. "पहिल्या कसात नटाची परीक्षा, दुसऱ्या कसात मिस्त्रीची." आणि या दुसऱ्या कसासाठी ते सायकल मारत कुठेही जायचे. कन्हानला एका बाईची चक्की होती. तिचं गॅसकेट बसवून आले, आणि दुसऱ्या दिवशी भर वैशाखात पुन्हा कामठी रोडनं कन्हान. चक्कीसमोर दळणाच्या डब्यांची ही रांग. बाई भडकली. म्हणे चक्की चांगली चालून राहिली, तुम्ही कायले बंद करता? मिस्त्रींनी तिला काही समजावलं नाही. इंजिन बंद केलं आणि ते थंड होईपर्यंत गव्हाच्या पोत्यावर आडवे झाले. झोपच लागली. उठले तोवर अंगावर पीठच पीठ, आणि रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनी नट आवळले, अर्धा अर्धा फेर प्रत्येक नट खरंच सरकला, आणि तो त्यांनी बाईला बोट लावून दाखवला. हे सगळं मला कन्हानच्याच एका गिऱ्हाइकानं सांगितलं. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, झोप चांगली झाली.

मिस्त्री इंदोऱ्याला राहायचे. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. लहानपणी शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही, दीक्षेनंतर मोठ्या वयात वस्तीतल्या रात्रशाळेत दोन वर्षं जाऊन अक्षर शिकले. त्यामुळे लिहिलेल्या शब्दावर त्यांचा जीव. पाकिटावर जे काही छापलेलं असेल ते एकेक अक्षर लावून वाचल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. माझं अक्षर बरं आहे, तेवढा एकच गुण देवानं दिला. त्याचं त्यांना फार अप्रूप. "मोत्यावानी लिहितं तू. माह्या पोरीले मी सांगतो, वसंतासारखं अक्षर काढ." त्यांच्या नटबोल्टच्या डब्यांवर मीच मापं लिहून दिली होती. एकदा मी गमतीत म्हटलं की मिस्त्री, लिहिलेलंही खोटं असतं. ते पटकन म्हणाले, लिहिणारा शिकलेला असते न, तो कायले खोटं लिहीन? मी विषय बदलला. 

पन्नाशी आली तशी त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. पायरीवर बसायला वेळ लागे, उठायला त्याहून जास्त. त्या सुमारास कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याला जनरेटर सांभाळायला कायमचा मिस्त्री हवा होता. तेव्हा विजेचा भरवसा नव्हता, जनरेटर बंद म्हणजे कारखाना बंद. साहेबानं मिस्त्रींचं नाव ऐकलं होतं. त्यानं सांगितलं की जनरेटरचं गॅसकेट जळालं आहे, हे काम नीट करून दाखवा, दुसऱ्या दिवसापासून कामावर या. राहायला खोलीसुद्धा देणार होते. मिस्त्रींनी हे मला पायरीवर बसून सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक नवीनच काही तरी होतं. म्हणाले, "फिरून फिरून थकलो गा. आता एका जागी बसून थकावं मनतो."

मला खरंच बरं वाटलं. त्यांच्यासाठी तर वाटलंच, पण माझा रोजचा तासही वाचणार होता. माणूस असा असतो.

त्यांनी कळमेश्वरला जाऊन हेड खोललं. ते वाकलेलं निघालं, म्हणून घासून आणलं. तार ठेवून पाहिलं आणि ठरवलं की जाड गॅसकेटच लागणार. पण मधे दसरा आला, कारखाना दोन दिवस बंद. साहेबानं सांगितलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जनरेटर चालू पाहिजे.

इकडे आमच्या दुकानात दसऱ्याच्या आधी झाडझूड. वर्षातून एकदा सगळा माल फळ्यांवरून खाली उतरायचा, धूळ झटकायची, पूजेला नवा दिसला पाहिजे असा मालकाचा, शेठचा हुकूम. गॅसकेटांचे जुने कागद फाटले होते म्हणून मी सगळ्यांना नवा खाकी कागद घालायचं ठरवलं. काम लवकर उरकावं म्हणून आधी कागदांवर माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवलं, नंबर, खाली 'जाड' किंवा 'पातळ'. मग पत्रे गुंडाळत बसलो. संध्याकाळ झाली, बायको घरी वाट पाहत होती, मुलांचे कपडे आणायचे होते. शेवटचे आठ-दहा पत्रे मी कसे गुंडाळले ते मला आजही आठवत नाही. पत्र्याकडे पाहून गुंडाळले नाहीत, एवढं नक्की. दसऱ्याला शेठनं प्रत्येक गठ्ठ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि प्रत्येक पाकिटाला लाल नाडा बांधला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक बकाराम मिस्त्री. डोळे लालभडक. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात, त्यांच्या घरी बुलढाण्याकडचे वीस-बावीस पाहुणे उतरले होते. दोन रात्री त्यांचं पाणी, त्यांचं जेवण, अंगणात त्यांची झोपायची सोय. मिस्त्री स्वतः झोपलेच नव्हते. आणि पाहुण्यांना गाडीत बसवून ते तसेच कळमेश्वरला निघाले होते.

मी पाकीट काढून दिलं. ते नेहमीप्रमाणे नाडा सोडायला लागले तसे शेठ गादीवरून खाकरले. शेठचं वर्ष दसऱ्यापासून, म्हणजे ही वर्षाची पहिली बोहनी, पहिली विक्री. शेठचा नेम असा की बोहनीचा माल दुकानात फोडायचा नाही, त्याच्यावर घासाघीस नाही, तो परत यायचा नाही. नाडा सुटला की वर्षाची बरकत गेली. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. आता बोला! एकीकडे नोकरी, एकीकडे मिस्त्री.

मी म्हणालो, "मिस्त्री, जाडच आहे. मी स्वतः लिहिलं आहे वर. न्या बिनधास्त."

त्यांनी पाकिटावरचं अक्षर वाचलं. आठवतं मला, ओठ हलले, जाड. मग हसले आणि म्हणाले, तू लिहिलं न, झालं मग. पाकीट पिशवीत घातलं, सायकलवर टांग मारली. इतक्या वर्षांत ते आमच्या दुकानातून पाच मिनिटांत बाहेर पडले असे ते एकदाच.

तिसऱ्या दिवशी आले. पायरीवर बसले नाहीत. सरळ काउंटरजवळ येऊन पिशवीतून पत्रा काढून ठेवला. मी पत्र्याकडे पाहिलं, मग उठून फळीवरून 'पातळ' लिहिलेलं एक पाकीट काढलं, उघडलं, दोन्ही कडा जवळ धरल्या. आतला पत्रा जाड निघाला.  शेठनं गादीवरूनच विचारलं की काय झालं, माल खराब निघाला का?

"नाही शेठ," मिस्त्री म्हणाले, "मिस्त्री खराब निघाला."

शेठ हसले. शेठ जेवायला घरी गेल्यावर मिस्त्रींनी मला थोडक्यात सांगितलं. पत्रा लावला, नट आवळले, इंजिन हातानं फिरवलं तेव्हा कुठे लागलं नाही. चालू झालं, साहेबानं हात मिळवला. वीसेक मिनिटांनी तापलं तशी आतून खट्‌खट्‌ सुरू झाली. मिस्त्री बंद करायला धावले, पण तोवर व्हॉल्व वाकला आणि पिस्टन फुटला. पूर्ण कारखाना पाहत उभा. साहेब एवढंच म्हणाला की नाव फार ऐकलं होतं तुमचं. दुसऱ्या कसापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

 मी काही तरी पुटपुटलो, की कागदाची चूक, माझी चूक. तेव्हा ते जे बोलले ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

"बोटाले समजलं होतं गा वसंता. कागद सोडला, कड धरली, बोट मने पातळ आहे. मग मी कागद पाह्यला. तुझं अक्षर. मी मनलं, दोन रात्री झोप नाही, बोटच खोटं बोलून राहिलं असन. शिकलेल्या माणसानं लिहिलं, तेच खरं असन."

माझ्या कानशिलात कोणी मारली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, साहेबाला सांगितलं का की दुकानदारानं चुकीचा माल दिला? ते म्हणाले, कायले सांगू? बसवला कोणी, मी. जो बसवते त्याचीच जबाबदारी. त्या पत्र्याची किंमत सोडा, नोकरी गेल्याबद्दलही एक शब्द नाही. पाकिटं मात्र आम्ही दोघांनी मिळून सगळी उघडली आणि पुन्हा लावली. त्यांनी बोटं फिरवायची, मी लिहायचं. चार पाकिटं चुकीची निघाली.

मी ठरवलं की येत्या रविवारी कळमेश्वरला जायचं. बसनं तासाभराचा रस्ता. साहेबाला भेटायचं आणि सांगायचं की साहेब, मिस्त्रीची चूक नाही, मी पत्रा चुकीच्या कागदात गुंडाळला. एवढंच. रविवार आला. मग मनात आलं की साहेब दुकानात विचारायला आला तर? फुटलेल्या पिस्टनची भरपाई मागितली तर? शेठ मला कामावर ठेवतील का? दोन मुलं शाळेत. पुढच्या रविवारी जाऊ. पुढच्या रविवारी सासुरवाडीचे लोक आले. तिसऱ्या रविवारी मी घरीच होतो, काही काम नव्हतं, आणि मी गेलो नाही. महिन्याभरात कळलं की त्या जागेवर दुसरा माणूस लागला. मला हायसं वाटलं, आता जाऊन उपयोगच नाही म्हणून. त्या हायसं वाटण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नाही.

मिस्त्री नंतरही माझ्याकडेच यायचे. वाटलं होतं की दुसरं दुकान धरतील. नाही. तसेच पायरीवर बसायचे, पाकिटं उघडायचे, उन्हात धरायचे, बोटं फिरवायचे. टोमणा नाही, टिंगल नाही. फक्त माझ्या अक्षराचं कौतुक पुन्हा कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मीही पाकिटांवर लिहायचं सोडून दिलं, शेठला म्हटलं छापील शिक्के आणा. गुडघे दुखत होते तरी सायकल चालूच होती. कोंढाळी, सावनेर, उमरेड, जिथे बोलावलं तिथे. साठीपर्यंत माणूस रस्त्यावर होता. त्या खोलीत, त्या जनरेटरजवळ, खुर्ची टाकून बसला असता. पावसाळ्यात कधी ते भिजून यायचे, शर्ट पिळायचे, तेव्हा मला ती खुर्ची दिसायची.  चहा मागवायचो, तो ते पीत.

मग बरेच महिने दिसले नाहीत. कोणी म्हणालं मोतीबिंदू झाला, कोणी म्हणालं साखर निघाली, हातापायाला मुंग्या येतात, काम सोडलं. आणि एक दिवस दुकानासमोर सायकल-रिक्षा थांबली. मिस्त्री उतरले, रिक्षावाल्याचा हात धरून. जाड भिंगाचा चष्मा. सदरा स्वच्छ, इस्त्रीचा, पण खूप सैल झालेला. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पंपाचं काम होतं, नट आवळणार दुसरा कोणी, मिस्त्री नुसते शेजारी बसून सांगणार. ब्लॉक घासलेला आहे, म्हणाले, जाड लागते.

मी पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही. माझ्याकडे सरकवलं.

"तू पाह्य," म्हणाले. "मले दिसत नाही. बोटाले बी आता समजत नाही."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी पत्रा काढला, दारात उजेडात नेला. एकेक भोक पाहिलं. स्क्रू-गेज लावला, तीन जागी मोजलं. मग गेज बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि कडेवरून बोटं फिरवली, पूर्ण फेरा.  मी परत काउंटरशी आलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, इतक्या वर्षांचं, "मिस्त्री, त्या कळमेश्वरच्या वेळी मी साहेबाकडे जायला पाहिजे होतं. तिथे जाऊन मी सांगितलं असतं तर..."

त्यांनी चष्म्याआडून माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं.

"थे राहू दे गा," ते म्हणाले. "हा जाड आहे का पातळ, थे सांग."

"जाड आहे," मी म्हणालो.

त्यांनी पत्र्याला हात लावला नाही. पिशवीचं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं. मी पत्रा आत सोडला, आणि ते रिक्षावाल्याला हाक मारत पायरी उतरले.